किसनरावांचा हवापालट

किसनराव दिलेला शब्द पाळणारे गृहस्थ होते, आणि म्हणूनच सहसा ते कुणाला शब्द देत नसत. पण माणूस भाकरी खाताना गाफील असतो. पौषातल्या एका संध्याकाळी रुख्मिणी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, डोळे पदराने पुसत होती, आणि बोलता बोलता म्हणाली, "माहेरी गेली तरी चूल, लग्नात गेली तरी चूल. जत्रेत गेली त तठीबी तीन गोटे मांडले. एखांद्या वक्ती वाट्टे, दोन दिवस चुलीकडे पाठ करून बसाव बापा."

ही तक्रार नव्हती. घरातलं तेल संपलं हे जसं सांगावं तसं तिने सांगितलं होतं. त्यामुळेच ते किसनरावांना लागलं.

"बसशीन!" ते घास तसाच हातात धरून म्हणाले. "दोन दिवस तू चुलीले हात लावनार नाई. माहा शब्द हाये."

"हाव," असा वऱ्हाडी होकार देऊन रुख्मिणीने भाकरी उलथली.

या 'हाव'मध्ये विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. छपराची कौलं फेरीन म्हणून किसनराव म्हणाले होते तेव्हाही ती 'हाव'च म्हणाली होती, आणि मग दोन पावसाळे गळतीखाली मुकाट्याने भांडी मांडत राहिली होती. शब्द मोडला तर ती भांडणार नाही, पदर खोचून पुन्हा चुलीपाशी जाऊन बसेल, हे किसनरावांना ठाऊक होतं. भांडणाऱ्या बायकोला माणूस तोंड देऊ शकतो. न भांडणाऱ्या बायकोपुढे त्याचं काही चालत नाही.

किसनराव माळ्यांच्या घराण्यातले. भाऊ अकोल्याच्या शिवेवर वांगी, मेथी आणि झेंडू पिकवत होते, आणि किसनराव तेवढे शिकून कचेरीत लागले होते. जठारपेठेत त्यांचं स्वतःचं घर होतं आणि त्या घरात एक काळा कोट होता. कोटासाठी वेगळी खुंटी होती, आणि तिच्यावर दुसरं काहीही अडकवायची कुणाला परवानगी नव्हती. डोक्यावर टोपलं घेणाऱ्यांच्या कुळात पहिला कोट घालणारा माणूस कसा चालतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना किसनरावांच्या चालीबद्दल वेगळं सांगायला नको.

तर आता दोन दिवस कुठे जायचं? साहेब लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला हवापालट करायला जातात, हे किसनरावांनी कचेरीत बसून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. चिखलदरा साहेबांचा, पण अलीकडे, अंजनगाव सुर्जीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीच्या काठाला ऊनबर्डी नावाचं गाव होतं. तिथे ऊन पाण्याचं कुंड होतं, महादेवाचं देऊळ होतं, धर्मशाळा होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणिकबाई नावाच्या बाईची खानावळ होती. अमरावतीचे एक वकील तिथे गुडघे घेऊन गेले होते आणि हसत परत आले होते. कुंडात पाय सोडून बसायचं, खानावळीत आयतं जेवायचं आणि धर्मशाळेत झोपायचं. भांडं नाही, पीठ नाही, काडी नाही. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. बेत इतका सोपा होता की त्यात काही बिघडायला जागाच दिसत नव्हती, आणि बेताने सावध व्हावं ते अशाच वेळी.

शेजारी उत्तमराव राहत. पोस्टमास्तर म्हणून पेन्शनीत निघाल्यापासून ते सल्ला द्यायचं काम करत.

"हवा पालटाले जाता?" ते ओट्यावरूनच म्हणाले. "काहून? अठच्या हवेले काय बुरशी आली?"

"ऊन पान्याचं कुंड हाये तठी."

"मंग माह्या घरचा बंब घिऊन जा ना. अंगनात मांडा, नवरा-बायको बसा दोन दिवस."

उत्तमरावांच्या पार्बताबाईंनी मात्र रुख्मिणीला मागच्या दाराशी गाठलं. "खरं सांग वं, कोनाले काय झालं? रोग नाई, नवस नाई, अन् देवाच्या गावाले कोनी कायले जाईन?" रुख्मिणीने काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा पार्बताबाईंची खात्री झाली की रोग मोठा आहे. संध्याकाळपर्यंत आळीतल्या तीन बायका किसनरावांच्या तब्येतीसाठी काढे घेऊन आल्या. किसनरावांनी ते सगळे प्यायले, कारण नाही म्हटलं असतं तर रोग अधिक मोठा ठरला असता.

खरी अडचण कचेरीत आली. रविवार देवाचाच होता, पण शनिवार सरकारचा होता. बडेबाबू पुण्याकडून वऱ्हाडात आलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रजेचं कारण?"

"विश्रांती."

"कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"कोण वारलं?"

"कुणीच नाही."

"मग विश्रांती कशापासून?"

चुलीपासून, असं काही सरकारला सांगता येत नाही. किसनराव टोपी नीट करत उभे राहिले. बडेबाबूंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की सरकार माणसाला तीनच कारणांनी सोडतं, दुखणं, मरण आणि देव. चौथं कारण त्यांच्या नोकरीत आजवर आलं नव्हतं, आणि पेन्शन जवळ असताना त्यांना ते आणायचं नव्हतं.

दाराशी सहदेव चपराशी उभा होता. तो अंजनगावकडचा, मनाने भला. किसनरावांचं अडलेलं पाहून त्याला राहवेना. "बाबूजी, ऊनबर्डीले चालले म्हंता ना? मंग नवसच असन. तठी दुसऱ्या कायले कोन जाते?"

"देवाचंच काम आहे म्हणा तसं," किसनराव पुटपुटले.

"नवस! मग हे आधी सांगायचं!" बडेबाबूंनी रजा तर दिलीच, पण ऊनबर्डीची दिशा कोणती ते विचारून तिकडे हातही जोडले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण सहदेवाचं प्रेम थांबणारं नव्हतं. किसनरावांची मुलगी वच्छला अंजनगावात दिली आहे हे त्याला ठाऊक होतं. बाबूजी मुलीच्या सासरच्या गावावरून नवस फेडायला जाणार आणि सोयऱ्यांना पत्ता नाही, हे त्याला बरं दिसेना. बाजाराला जाणाऱ्या गावच्या माणसाबरोबर त्याने निरोप धाडला. वऱ्हाडात नदीकाठचा नवस म्हणजे रोडगे, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गव्हाच्या कणकेचे पदर तेल लावून एकावर एक ठेवायचे, त्यांचा गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, वर वांग्याची भाजी, वरण आणि तूप. आणि रोडग्यांना आवतण लागत नाही. ज्याच्या कानावर पडलं तो येतो.

शनिवारी पहाटेच्या गाडीने दोघं मूर्तिजापूरला उतरली आणि अंजनगावकडच्या छोट्या रुळांच्या गाडीत बसली. किसनरावांच्या अंगावर कोट होता, हातात छत्री होती, आणि सामान म्हणून एक वळकटी. रुख्मिणी रिकाम्या हातांनी बसली होती. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ते मांडीवर पालथे ठेवले होते.

समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुटी जाऊन राहिले?"

"ऊनबर्डीले."

म्हातारा सरसावून बसला. "मंग ते अकोल्याचे रोडगेवाले तुमीच का? आमी तठीच चाललो ना बाप्पा! लय मोठा नवस हाये म्हंते!"

डब्यातल्या आणखी काही लोकांनी माना वळवल्या. तेही तिथेच चालले होते. एका बाईने तर आपल्या टोपलीतली वांगी काढून किसनरावांच्या वळकटीत घातली आणि म्हणाली, "देवाच्या कामाले माहेबी चार वांगे." किसनराव खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर नुसती कपाशीची वावरं होती आणि त्यांच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती.

अंजनगावच्या फलाटावर इवाई नत्थुजी उभे होते. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात आणि त्याला जावयाच्या खालोखाल जपतात. नत्थुजींचे केळीचे मळे होते, आवाज मोठा होता आणि मन हळवं होतं. त्यांच्यामागे भावकी, आणि फलाटाबाहेर बैलबंड्या. एकीत कणकेची आणि वांग्यांची पोती, एकीत गोवऱ्या, एकीत पराती आणि वरणाची मोठी गंजं.

"इवाई!" नत्थुजींनी किसनरावांचे दोन्ही हात धरले. "सोयऱ्यापासून नवस लपवता? चपराश्याकून मले समजा लागते? माही इज्जत काय राह्यली गावात?"

किसनरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "आयका इवाई. नवस-बिवस काई नाई. हा हवापालट हाये."

"हवापालट?" नत्थुजींचा चेहरा पडला. "मंग सायबानं रजा कशी देल्ली? सरकारले खोटं सांगतलं का तुमी?"

नत्थुजींना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. गावचा पटवारी जवळच उभा होता, त्याने कान टवकारले. पटवाऱ्याचं कचेरीत दर महिन्याला येणंजाणं होतं. किसनरावांच्या डोळ्यांपुढे बडेबाबूंचा चष्मा आला, सगळी नोकरी आली, कोटाची खुंटी आली.

"तसं नाई," ते म्हणाले. "हवापालट म्हंजे नवसच. इंग्रजीतला."

पटवाऱ्याने समाधानाने मान हलवली.

बैलांच्या दमणीत बसल्यावर रुख्मिणीने हळूच विचारलं, "अवो, आपला नवस कायचा हाये? मले तरी सांगून ठेवा."

किसनरावांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती पदरात तोंड घालून हसली, पण मग तिची नजर पुढच्या बंडीवर गेली. गोवऱ्यांचा ढीग हलत चालला होता. "येवढ्या मानसाइचा सयपाक," ती म्हणाली, आणि मनातल्या मनात बहुधा मिठाचा अंदाज घेऊ लागली. किसनरावांना आपण फार लहान माणूस आहोत असं वाटलं. बाईने एक गोष्ट मागितली, तीही मागितली नव्हती, नुसती म्हटली होती, आणि एका चुलीपासून सोडवायला म्हणून त्यांनी तिला दहा चुलींकडे चालवलं होतं.

ऊनबर्डी खरोखर साजरं, देखणं गाव होतं. नदी खडकांतून वाहत होती, काठाला कुंड होतं, त्यावर थंडीची वाफ तरंगत होती आणि कुंडाच्या पायऱ्या बसून बसून गुळगुळीत झाल्या होत्या. किसनरावांनी पहिल्यांदा खानावळ गाठली. एक आशा होती की रुख्मिणीला तिथे बसवून द्यावं आणि रोडग्यांचं रोडग्यांनी पाहून घ्यावं. खानावळीला कुलूप होतं. माणिकबाई स्वतः देवळापुढे ताटली घेऊन बसल्या होत्या.

"अकोलेवाल्याचे रोडगे हायेत आज," त्या म्हणाल्या. "मंग मी कायले चूल पेटवू बापा? तुमी कोनाकडचे?"

किसनराव तसेच कुंडावर गेले, जोडा काढला आणि उजव्या पायाचा अंगठा पाण्यात बुडवला. पाणी खरंच ऊन होतं. हवापालट म्हणून जे काही त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच, कारण तेवढ्यात त्यांना हाका सुरू झाल्या.

देवळासमोर दगडांच्या चुली मांडल्या होत्या. नत्थुजींच्या मनकर्णाबाई, म्हणजे विहीणबाई, वऱ्हाडीत इनबाई, रुख्मिणीच्या हातात परात देत होत्या. "घ्या इनबाई, पह्यली मूठ तुमची. तुमच्या घरचं काम हाये." रुख्मिणीने परात घेतली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि खाली बसली. ते खोचणं किसनरावांनी जन्मभर पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांना ते बघवेना.

पण गुरवाने हात वर केला. "थांबा. अगुदर नवस बोला. कोनी बोलला, काय बोलला, महादेवासमोर सांगा. मंगच इस्तो पडन." ऊनबर्डीची ही रीतच होती. नवस मोठ्याने सांगितल्याशिवाय विस्तव पेटत नसे, आणि बोलल्याप्रमाणे अक्षरनअक्षर फेडला नाही तर गुरव रोडगा देवाला लावत नसे.

सगळे पुढे सरकले. पोरगा झाला असन, कोणी म्हणालं. मोठी जागा भेटली असन कचेरीत, दुसरं म्हणालं. पटवारी सगळ्यात पुढे. किसनरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. सरकारला खोटं सांगता येतं, कारण सरकार अकोल्यात राहतं. महादेव चार हातांवर होता.

तेव्हा रुख्मिणी परातीपासून उठली. हाताचं पीठ झटकलं. चारचौघांत ती कधी बोलत नसे, त्यामुळे तिचा आवाज नत्थुजींनी पहिल्यांदाच ऐकला.

"नवस माहा हाये," ती म्हणाली. "म्या बोलली होती की, महादेवा, एक दिवस माह्या मालकाच्या हातचं खाईन. बाईमानूस कोनी चुलीले हात लावनार नाई. अन् तुह्या कुंडात पाय सोडून बसीन."

लोकांच्या माना गुरवाकडे वळल्या. मग गुरवाने कपाळाला भस्म लावलं आणि निकाल दिला. "बोलला तसा फेडा लागते. बाया कुंडावर."

किसनरावांनी कोट काढला. खुंटी नव्हती, लिंबाची फांदी होती. ते परातीपुढे बसले आणि कणकेत पाणी ओतलं. पाणी जास्त झालं म्हणून कणीक घातली, कणीक जास्त झाली म्हणून पाणी घातलं. असं करता करता परात भरली, दुसरी आणावी लागली. रोडगे भाजणं वऱ्हाडी पुरुषाला येतं, तो त्याचा अभिमान असतो. पण भाजायला कुणीतरी आधी मळून देतं, ही गोष्ट त्या अभिमानात कधी आलेली नसते. नत्थुजी एका बाजूला खाटेवर बसून पाहत होते.

"मी पंगतीत वाहाडीन बरं का इवाई," ते म्हणाले. "वाहाडाचं माह्याकडे."

कुंडावरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "इवाई राबून राहिले अन् तुमी खाटेवर?"

नत्थुजी उठले आणि वरणाच्या गंजापाशी गेले. इवाई राबतात म्हटल्यावर भावकीलाही बसता येईना. पटवाऱ्याकडे वांगी आली. त्याने जमीन मोजावी तशा एकसारख्या फोडी केल्या, पण त्या करता करता दोन पोती वांगी तशीच राहिली. कोणी डोळे चोळत गोवऱ्या फुंकत होतं, कोणी हळद शोधत होतं. ती कशी दिसते याबद्दल दोघांत वाद झाला.

बायका पायऱ्यांवर ओळीने बसल्या होत्या, वच्छलाही त्यांच्यात, पाय ऊन पाण्यात. सुरुवातीला त्यांनी सूचना केल्या, पण गुरव धावत आला. "बायाइनं सांगाचं नाई! सांगतलं त नवस बाटते!" तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि ते गप्प बसणं त्यांना रांधण्यापेक्षा जड गेलं. नत्थुजींनी वरणात ओंजळभर तिखट टाकलं तेव्हा मनकर्णाबाईंनी पदर तोंडात कोंबला. माणिकबाईंनी तर डोळेच मिटून घेतले. मग कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळा घाट हसायला लागला.

दुपार कलल्यावर रोडगे झाले. वरून काळे, आत कच्चे. वरणात तिखट फार, भाजीत मीठच नाही. गुरवाने एक रोडगा देवाला लावला आणि स्वतः चाखायचं टाळलं. त्यानंतरचा पहिला रोडगा किसनरावांनी धोतराच्या सोग्याने राख झटकून द्रोणात ठेवला, वर तूप घातलं आणि ते पायऱ्या उतरून रुख्मिणीकडे गेले. बाह्या वर, कपाळाला कणीक, मिशीला राख.

रुख्मिणीने रोडगा मोडला, वरणात कालवला आणि खाल्ला. किसनराव उभेच राहिले.

"कसा झाला?"

तिने बराच वेळ चावला. "साजरा झाला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने असेल म्हणून किसनरावांनी गुळाचा खडा पुढे केला. तिने तो घेतला, आणि तो रोडगा कच्च्या गाभ्यासकट शेवटपर्यंत खाल्ला.

तेवढ्यात मनकर्णाबाई ओल्या पायांनी देवळापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "महादेवा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "पुढच्या पौषात माहाबी तोच नवस." त्यांच्यामागे माणिकबाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे गाडीतली वांगेवाली, आणि मग रांगच लागली. गुरव नारळ मोजता मोजता देवापेक्षाही प्रसन्न दिसू लागला. नत्थुजी किसनरावांजवळ आले. त्यांच्या बोटाला फोड आला होता.

"इवाई," ते म्हणाले, "तुमी आमचे सोयरे, तुमाले नाई म्हनता येत नाई. पन पुन्हा हवा पालटाची असली त अकोल्यातच पालटा."

रविवारी उरलेले रोडगे गार खाऊन सगळ्यांचा दिवस गेला. चूल कोणी पेटवली नाही. रुख्मिणी सकाळी कुंडावर गेली ती दुपारी उठली.

परतीच्या छोट्या गाडीत डब्यात फारसं कुणी नव्हतं. नत्थुजींनी दिलेलं केळी-वांग्यांचं मोठं गाठोडं दोघांच्या मधे होतं. किसनराव नखांत राहिलेली कणीक काढत होते.

"मले वाचवलं तू," ते शेवटी म्हणाले. "पन महादेवासमोर खोटं बोलली."

"कोन म्हंते खोटं?"

"मंग हा नवस कदी बोलली होतीस?"

"लगन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी," रुख्मिणी म्हणाली. "काड्या ओल्या होत्या. पेटे ना."

"मंग मले सांगाचं नाई का?"

"तुमाले काय सांगू?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "तुमी तवा पाटी घिऊन शायेत जात होते."

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसून दोघं अकोल्याला आली. गाडी थांबली तेव्हा फलाटावर सहदेव उभा होता, कचेरीतले आणखी दोघं होते, आणि उत्तमराव सहज हवा खायला आले होते. रुख्मिणीने गाठोड्याला हात घातला. किसनरावांनी तो बाजूला केला, टोपी काढून कोटाच्या खिशात खुपसली आणि गाठोडं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मग ते सगळ्यांच्या देखत फलाटावरून चालू लागले, आणि रुख्मिणी रिकाम्या हातांनी त्यांच्या बरोबरीने चालली.